'पणजी' बारा बाइटची का, आणि ती झटपट मोजायची कशी

सी भाषेत शब्दाची लांबी सांगणारा स्ट्रलेन नावाचा तयार फंक्शन असतो. त्याला 'पणजी' हा शब्द दिला की तो लांबी १२ सांगतो. कॉलेजच्या लॅबमध्ये मग हमखास कुणीतरी म्हणतं, "सर, हा चुकतोय." तो चुकत नाही. स्ट्रलेन अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजतो. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. प, ण, ज आणि दुसरी वेलांटी मिळून चार चिन्हं, म्हणून बारा. मेमरीत ते असे बसतात: २२४ १६४ १७०, २२४ १६४ १६३, २२४ १६४ १५६, २२४ १६५ १२८ आणि शेवटी ०. ते शून्य म्हणजे शब्द संपल्याची खूण. ते शोधायचं, एवढंच काम.

हे काम असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलं की वेग आपोआप येतो, हा भ्रम आहे. इंटेलच्या प्रोसेसरवर 'रेपने स्कॅसबी' ही सूचना १९७८ च्या ८०८६ पासून आहे. एका ओळीत लूप संपतं, पण आजही ती एकेक बाइटच तपासत जाते. कोड आखूड झाला म्हणून तो वेगवान होत नाही.

खरा फायदा अनेक बाइट एकदम तपासण्यात आहे. ६४ बिटांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या साठ्यात, आठ बाइट मिळून एकच संख्या म्हणून घ्या आणि प्रत्येकातून १ वजा करा. शून्यातून १ गेला की २५५ होतात, म्हणजे त्या बाइटचा सर्वांत वरचा, १२८ किमतीचा बिट पेटतो, म्हणजे १ होतो. आता फक्त वरचे बिट पाहायचे. इंग्रजी अक्षरं १२८ च्या खालची, त्यामुळे त्यांचा हा बिट पेटत नाही. पण 'पणजी'तल्या २२४ मधून १ गेला तरी २२३ उरतात आणि बिट पेटलेलाच राहतो. दर आठ बाइटांना खोटा इशारा, मग पुन्हा एकेक बाइटची तपासणी. उत्तर बरोबर, वेग मात्र गेला. गोव्यात एकाच यादीत रोमी (रोमन लिपीतली) आणि देवनागरी नावं शेजारी असतात. चाचणी फक्त रोमी नावांवर घेतली तर हा दोष दिसणारच नाही.

उपाय फार सुंदर आहे. मूळ संख्येचे सगळे बिट उलटवून उत्तराशी 'अँड' करा, म्हणजे दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवा. बिट आधीपासून पेटलेला असेल तर तो विझतो. वजाबाकीमुळे नव्याने पेटला असेल तरच टिकतो. १९८७ मध्ये अ‍ॅलन मायक्रॉफ्ट यांनी मांडलेली ही युक्ती. एक बारकावा: शून्याच्या लगेच पुढे १ असेल तर हातच्यामुळे तोही पेटतो. लिटल-एंडियन यंत्रात (जिथे आधीचा बाइट संख्येच्या खालच्या टोकाला बसतो) सर्वांत खालचा पेटलेला बिट घेतला की उत्तर बिनचूक येतं.

पेंटियम ४ सोबत एसएसई२ हा सूचनांचा नवा संच आला आणि सोळा बाइटांची सोय झाली. 'पीसीएमपीईक्यूबी' सोळाही बाइटांची शून्याशी तुलना करते, 'पीमूव्हएमएसकेबी' त्या निकालाचा सोळा बिटांचा मास्क (दर बाइटला एक बिट) काढते आणि 'बीएसएफ' त्यातल्या पहिल्या १ ची जागा सांगते. मास्क रिकामा असताना 'बीएसएफ'च्या उत्तरावर विसंबू नका, आधी मास्क शून्य आहे का ते पाहा. मोठ्या मजकुराला सोळा बाइटांचे चार ब्लॉक एकदम घेऊन 'पीमिनयूबी'ने बाइटगणिक लहानात लहान काढतात: चौघांत कुठेही शून्य असेल तर किमान शून्यच येतं. इथे चिन्हरहित, म्हणजे ऋण संख्या न मानणारी सूचनाच हवी. चिन्हासहित 'पीमिनएसबी' वापरली तर २२४ ही ऋण संख्या ठरते, ती शून्यापेक्षा लहान निघते आणि शून्य झाकलं जातं. देवनागरी मजकुरात शेवटच सापडत नाही.

प्रोग्रॅम कधीतरीच कोसळतो, त्याचं कारणही इथेच सापडतं. 'मशीनला दिष्ट लागली' म्हणून रीस्टार्ट करू नका. मेमरी साधारणपणे ४०९६ बाइटांच्या पेजमध्ये वाटलेली असते. शब्द पेजच्या अगदी टोकाला संपत असेल आणि तुमचे सोळा बाइट पुढच्या, परवानगी नसलेल्या पेजमध्ये शिरले, तर सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच बंद पाडला जातो. ४०९६ ला १६ ने पूर्ण भाग जातो, म्हणून १६ च्या पटीतल्या पत्त्यावरून केलेलं वाचन पेज कधीच ओलांडत नाही. शब्द अशा पत्त्याच्या ५ बाइट पुढे सुरू होत असेल तर ५ मागे या, वाचा आणि मास्क ५ ने उजवीकडे सरकवा. सरकवायचं विसरलात तर आधीच्या शब्दाचं शून्य हाती लागतं, लांबी ऋण येते आणि चिन्हरहित प्रकारात ती अवाढव्य दिसते.

पडताळणीसाठी शेजारशेजारची दोन पेज मागा आणि पेजची परवानगी बदलणाऱ्या 'एमप्रोटेक्ट'ने दुसरं बंद करा. पहिल्याच्या शेवटच्या बाइटवर शून्य येईल असे ० ते १०० लांबीचे शब्द ठेवून चालवा. मग पहिल्या पेजच्या मध्यावर, सुरुवात १६ च्या सोळाही जागांवरून सरकवत, तेच पुन्हा. त्यात 'पणजी' (१२) आणि 'म्हापसा' (२१) असू द्या. आणि प्रत्येक शब्दाच्या आधीच्या बाइटमध्ये मुद्दाम शून्य ठेवा.