पोषक वनस्पतिजन्य पेये

कडधान्ये, तृणधान्ये, तेलबिया किंवा सुकामेवा यांपासून तयार केलेली आणि अल्पपोषण कमी करण्याच्या हेतूने प्रथिने, ऊर्जा, खनिजे व जीवनसत्त्वे यांचे प्रमाण मुद्दाम जुळवून आणलेली पेये. दुधासारखे दिसणारे प्रत्येक पेय या व्याख्येत बसत नाही. गाईच्या दुधात आणि चांगल्या सोया पेयात सुमारे ३ टक्के प्रथिने असतात, तर तांदळाच्या पेयात ती बहुधा १ टक्क्याहूनही कमी भरतात. मुख्यतः तांदळाच्या पेयावर वाढवलेल्या लहान मुलांना क्वाशिओरकर हा गंभीर कुपोषणविकार झाल्याच्या नोंदी संपन्न देशांतही आहेत.

उद्योजक के. एस. लो यांनी हाँगकाँगमध्ये १९४० मध्ये सोया पेय विक्रीस आणले, ते गोरगरिबांना दुधाऐवजी परवडणारे प्रथिन मिळावे म्हणून. पुढे ग्वाटेमालातील मध्य अमेरिका व पनामा पोषण संस्थेने मका व सरकी यांच्या पिठांचे ‘इंकापारिना’ हे मिश्रण विकसित केले. ते पाण्यात शिजवून पातळ पेयासारखे घेतले जाते.

तृणधान्यांत लायसिन हे ॲमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत मेथिओनिन. म्हणून दोहोंचे मिश्रण एकेकट्या धान्यापेक्षा सरस ठरते. मात्र पेयाचे यश कच्च्या मालाइतकेच प्रक्रियेवर अवलंबून असते. सोयाबीन थंड पाण्यात वाटले की दाणा फुटताच लायपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) त्यातील स्निग्धांशावर क्रिया करते आणि उग्र वास येतो, ज्यामुळे मुले पेय तोंडाला लावत नाहीत. सुमारे ८० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाच्या पाण्यात वाटल्यास हे विकर वेळीच निष्क्रिय होते. प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे ट्रिप्सिन-रोधकही उष्णतेने बरेच निकामी होतात, परंतु उष्णता अवाजवी झाली तर लायसिनचीच हानी होते.

पिष्टमय पेयांची अडचण निराळी आहे. शिजताना पिष्ट पाणी शोषून फुगते, पेय घट्ट होते आणि ते पिण्याजोगे करण्यासाठी पाणी वाढवावे लागते. परिणामी लहानग्याचे पोट भरते, पण ऊर्जा पुरेशी मिळत नाही. मोड आणून वाळवलेल्या धान्याचे थोडे पीठ मिसळल्यास त्यातील अमायलेज हे विकर पिष्टाचे विघटन करते आणि जास्त पीठ असूनही पेय पातळ राहते. थोडे खाद्यतेल घातल्यानेही ऊर्जा वाढते. मोड आणणे व आंबवणे यांमुळे लोह आणि जस्त यांचे शोषण रोखणारे फायटेट घटते.

कॅल्शियम व ब१२ जीवनसत्त्व बाहेरूनच घालावे लागते. कॅल्शियमचे अविद्राव्य क्षार तळाशी बसतात, त्यामुळे वेष्टनावर लिहिलेले प्रमाण न हलवता ओतलेल्या पेल्यात प्रत्यक्ष उतरेलच असे नाही. शेंगदाणा वापरताना ॲफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची तपासणी अनिवार्य मानली पाहिजे.

ही पेये पूरक आहार आहेत. पहिले ६ महिने केवळ स्तनपान द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तीव्र कुपोषित बालकांसाठी वैद्यकीय देखरेखीखालील उपचारात्मक आहारच योग्य होय. पेय भुकटीच्या रूपात पुरवले तर ते अधिक टिकते व वाहतूक सोपी होते, मात्र ते कालवण्यासाठी सुरक्षित पाणी नसेल तर अतिसाराचा धोका वाढतो, आणि अतिसाराने मुलाचे वजन आणखी घटते.