बत्तीस सालचा अणू

शाळेच्या पुस्तकातला अणू सगळ्यांना आठवतो. मधोमध प्रोटॉन-न्यूट्रॉनचा गोळा, भोवती कक्षांवर टिंबं टिंबं इलेक्ट्रॉन. आकृती काढायची, नावं द्यायची, दोन गुण खिशात. हे चित्र खोटं नाही, पण त्याला एक तारीख आहे आणि ती पुस्तकात छापत नाहीत. ते पूर्ण झालं फेब्रुवारी १९३२ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टात त्यात न बसणारा कण सापडला. ‘सगळं जग तीन कणांचं’ हे सुटसुटीत उत्तर जेमतेम सहा महिने टिकलं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरून टाकू. मराठीत आपण अणू आणि रेणू म्हणतो. हिंदी पुस्तक उघडलं की आपला अणू तिथे ‘परमाणु’ होतो आणि आपला रेणू ‘अणु’. दोन्ही भाषांतून अभ्यास करणाऱ्या मुलांचे यात हाल होतात. मूळ शब्द कणादांच्या वैशेषिक दर्शनातले. खिडकीच्या जाळीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत जो धुळीचा कण तरंगताना दिसतो, त्याचा सहावा भाग म्हणजे परमाणू, असं एका जुन्या श्लोकात म्हटलंय. सहावाच का? तर दोन परमाणूंचं एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं एक त्र्यणुक, आणि डोळ्यांना दिसणारी सर्वांत बारीक वस्तू म्हणजे त्र्यणुक. वस्तूचे तुकडे कुठेतरी थांबले पाहिजेत, यासाठी त्यांचा युक्तिवादही फर्मास होता. तुकडे करणं कधीच संपत नसेल, तर मोहरीच्या दाण्यातही अनंत भाग आणि मेरू पर्वतातही अनंत भाग, मग दोघांत लहानमोठं कोण? हा तर्क आहे, प्रयोग नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारा ‘कणादांना अणुबॉम्ब ठाऊक होता’ हा मजकूर त्या तर्काचा अपमानच करतो.

ग्रीकांकडेही असाच विचार होता. पण अणूला वजन आलं ते जॉन डाल्टन यांच्यामुळे, १८०८ च्या सुमारास. मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणातच संयोग पावतात, तेव्हा प्रत्येकाचा एक न फुटणारा, ठरावीक वजनाचा कण असणार, असं त्यांनी मांडलं. यातलं ‘न फुटणारा’ हे विशेषण पुढची नव्वद वर्षं तगून राहिलं.

ते पडलं १८९७ मध्ये, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडली की ऋण टोकाकडून किरण निघतात. जे. जे. थॉमसन यांनी ते विजेने आणि चुंबकाने वळवून पाहिले. नळीत कुठलाही वायू भरा, टोकं कुठल्याही धातूची लावा, किरणांतल्या कणाच्या प्रभाराचं त्याच्या वस्तुमानाशी असलेलं गुणोत्तर तेच येत होतं. म्हणजे हा कण सगळ्याच पदार्थांत होता, आणि हायड्रोजनच्या अणूच्या मानाने अगदीच किरकोळ वजनाचा होता. आजचा आकडा १८३७ पट हलका. ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव जॉर्ज जॉनस्टन स्टोनी यांनी विजेच्या एककासाठी १८९१ मध्येच काढून ठेवलं होतं. ते या कणाला चिकटलं.

इलेक्ट्रॉन ऋण, अणू मात्र उदासीन. मग धन प्रभार कुठे? थॉमसन यांच्या मते तो अणूभर पसरलेला होता, शिऱ्यात बेदाणे तसे इलेक्ट्रॉन त्यात रुतलेले. या शिऱ्याची परीक्षा झाली मँचेस्टरला, अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत. १९०९ मध्ये हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसत. आधी बराच वेळ डोळे काळोखाला सरावू द्यायचे, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरच्या चमका मोजायच्या. एक चमक म्हणजे एक अल्फा कण, किरणोत्सारी पदार्थातून सुटणारा धन कण. धातूच्या पातळ पत्र्यावर सोडलेले बहुतेक कण सरळ आरपार जात, पण आठेक हजारांतला एखादा चक्क मागे उलटत होता. पंधरा इंची तोफगोळा टिश्यू पेपरवर मारावा आणि तो उलटून आपल्यालाच लागावा तसं हे होतं, असं रदरफर्ड पुढे सांगत. १९११ मध्ये त्यांनी अर्थ लावला. धन प्रभार आणि जवळपास सगळं वस्तुमान मध्यभागी एका चिमुकल्या केंद्रकात ठासलेलं आहे, बाकी जागा रिकामी. नायट्रोजनवर अल्फा कणांचा मारा केल्यावर त्यातून हायड्रोजनचं केंद्रक बाहेर पडतं, हे त्यांनी १९१९ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी त्याचं नाव ‘प्रोटॉन’ पडलं.

तरी हिशोब जुळेना. हेलियमच्या केंद्रकाचा प्रभार दोन प्रोटॉनांइतका, वजन मात्र चारांचं. हे जास्तीचं वजन कशाचं? प्रभार नसलेला एखादा जड कण असावा, असा अंदाज रदरफर्ड यांनी १९२० मध्येच बोलून दाखवला होता. पण ज्याला प्रभार नाही, तो ना विजेला वळतो ना चुंबकाला. त्याला पकडायचं कसं?

१९३२ च्या जानेवारीत पॅरिसहून बातमी आली. बेरिलियममधून निघणारे उदासीन किरण मेणावर पडले की मेणातून प्रोटॉन वेगाने उडतात, असं इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांना दिसलं होतं. हे गॅमा किरण, म्हणजे क्ष-किरणांसारखेच पण जास्त ऊर्जेचे किरण असावेत, असं त्यांचं म्हणणं. रदरफर्ड यांचे सहकारी जेम्स चॅडविक यांना ते पटेना. टेबल टेनिसच्या चेंडूने कॅरमची सोंगटी उडत नाही. सोंगटीला उडवायला सोंगटीच लागते. त्यांनी मेणाच्या जागी इतर पदार्थ ठेवले, उडालेल्या केंद्रकांचे वेग मोजले आणि मारा करणाऱ्या कणाचं वस्तुमान काढलं. ते प्रोटॉनइतकंच भरलं. हाच न्यूट्रॉन. १७ फेब्रुवारीच्या तारखेचं त्यांचं पत्र ‘नेचर’मध्ये आलं. तीन वर्षांनी चॅडविक यांना नोबेल मिळालं, आणि शाळेतली आकृती पुरी झाली.

आता ऑगस्ट. कॅलिफोर्नियात पासाडिना इथे कार्ल अँडरसन आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचे फोटो काढत होते. त्यांचं उपकरण म्हणजे मेघकक्ष. बाष्पाने भरलेल्या पेटीतून प्रभारित कण गेला की त्याच्या वाटेवर थेंब जमतात आणि विमानामागे उमटते तशी रेघ दिसते. चुंबकक्षेत्रात ही रेघ वळते. धन कण एका बाजूला, ऋण दुसऱ्या. २ ऑगस्टच्या फोटोत पेटीच्या मधोमध सहा मिलिमीटर जाडीची शिशाची पट्टी आडवी आहे आणि एक रेघ ती छेदून गेली आहे. पट्टीखाली रेघ कमी वाकलेली, वर जास्त. शिशातून जाताना कणाची ऊर्जा कमी होते आणि हळू झालेला कण जास्त वळतो. म्हणजे हा कण खालून वर गेला होता. दिशा एकदा कळली की वळणावरून प्रभार कळतो. तो होता धन. मग प्रोटॉन का नाही? कारण इतका वळणारा प्रोटॉन एवढं अंतर कापूच शकला नसता, कधीच थांबला असता. वजनाने इलेक्ट्रॉनसारखा आणि प्रभाराने उलटा, असा हा पॉझिट्रॉन. पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणात तो दडलेला होता. मला विचाराल तर पाठ्यपुस्तकात अणूच्या आकृतीशेजारी हा फोटो छापायला हवा. नुसत्या एका वाकड्या रेघेवरून एवढं सगळं निघतं.

इथून पुढे वैश्विक किरणांनी भौतिकशास्त्रज्ञांचा पिच्छाच पुरवला. केंद्रकातल्या प्रोटॉनांना बांधून ठेवणारा, इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट जड कण असावा, असं हिदेकी युकावा यांनी १९३५ मध्ये मांडलं. एक-दोन वर्षांत अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना साधारण तेवढ्याच वजनाचा कण सापडला आणि सगळे खूश झाले. पण हा कण केंद्रकाकडे ढुंकूनही बघत नसे. बंध घालणं दूरच, तो आरपार निघून जाई. हा म्यूऑन, इलेक्ट्रॉनचा जाडा भाऊ. त्याचं काय काम आहे ते कुणालाच कळेना. इसिडोर राबी यांनी विचारलं म्हणतात, “हा कुणी मागवला?”

त्या काळात अशा, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधल्या वजनाच्या कणाला ‘मेसोट्रॉन’ म्हणत. केंब्रिजला काम करणाऱ्या होमी भाभांनी १९३९ मध्ये व्याकरणाचा आक्षेप घेतला. ‘इलेक्ट्रॉन’मधला ‘ट्र’ मुळातच ‘इलेक्ट्र’ शब्दातला आहे, ‘न्यूट्रॉन’चंही तसंच, पण ‘मेसो’ या ग्रीक मुळात ‘ट्र’ येतो कुठून? तेव्हा ‘मेसॉन’ म्हणावं. पुढे जगाने हेच नाव घेतलं. त्याच वर्षी भाभा सुटीवर भारतात आले, युद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. आधी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली तेव्हा मुंबईत. संस्थेचा मुंबईतला पहिला पत्ता कुलाबा नव्हे, पेडर रोडवरचा एक बंगला.

युकावांचा खरा कण, पायॉन, १९४७ मध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या गटाने फोटोच्या काचांवर पकडला. काचेवरच्या रसायनात कण आपला माग सोडतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. पण याच पद्धतीने देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी हे दोघं युद्धाच्या आरंभीच कलकत्त्याहून काम करत होते. दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंचीवर काचा ठेवायच्या, महिन्यांनी खाली आणायच्या आणि मागांवरून कणाचं वस्तुमान काढायचं. त्यांचे निबंध ‘नेचर’मध्ये छापून आले. नेमका निष्कर्ष काढायला अधिक चांगल्या प्रतीच्या काचा हव्या होत्या, आणि युद्धकाळात त्या मिळेनात. काम तिथेच अडलं. १९५० चं नोबेल पॉवेलना मिळालं. ते चुकीच्या माणसाला गेलं असं म्हणता येणार नाही, पण एका खोक्याभर काचांवर काय काय अडून राहतं, ते मात्र यात दिसतं. बिभाबाई पुढे मुंबईला टाटा संस्थेत आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री-संशोधक. २०१९ मध्ये एका ताऱ्याला ‘बिभा’ नाव मिळालं. तोवर त्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

आपल्याकडे वैश्विक किरणांवरच एवढं काम का झालं? कण वेगाने फिरवणारी यंत्रं प्रचंड महाग. आकाशातून कण फुकट पडतात. लागतो तो फक्त उंच डोंगर किंवा खोल खड्डा. खड्डा कर्नाटकात तयार होता, कोलारच्या सोन्याच्या खाणीत.

त्यासाठी न्यूट्रिनोची कथा थोडी मागून घ्यावी लागते. किरणोत्सारात केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा थोडी ऊर्जा गायब होते. ती एखादा न दिसणारा उदासीन कण पळवतो, असं वुल्फगांग पाउली यांनी ४ डिसेंबर १९३० च्या एका पत्रात सुचवलं. “प्रिय किरणोत्सारी स्त्रीपुरुषहो” अशी त्याची सुरुवात. बैठकीला जातीने न जाता पत्र का पाठवलं, तर झ्युरिकला नाचाचा कार्यक्रम होता! हा कण प्रत्यक्ष पकडायला १९५६ उजाडलं, तेही अणुभट्टीशेजारी. वातावरणात वैश्विक किरणांमुळे जन्मणारे न्यूट्रिनो पकडायचे, तर बाकीच्या कणांचा गलबला बंद व्हायला हवा, म्हणजे डोक्यावर भरपूर खडक हवा. कोलारला सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर टाटा संस्था, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहम विद्यापीठ यांनी यंत्रं लावली. १९६५ मध्ये तिथे वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत दुसऱ्या गटालाही त्या मिळाल्या. कोलारचा निबंध काही दिवस आधी छापून आला.

तोवर कणांची जत्राच भरली होती. नवनवे कण इतके निघाले की “यांची नावं पाठ करता आली असती तर मी वनस्पतिशास्त्रज्ञ झालो असतो,” असं एनरिको फर्मी म्हणाल्याचं सांगतात. १९६४ मध्ये मरी गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे उपाय सुचवला. प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉनसारखे मेसॉन हे मूलकण नाहीतच. ते क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचे बनलेले. प्रोटॉनमध्ये दोन ‘अप’ आणि एक ‘डाउन’, न्यूट्रॉनमध्ये एक ‘अप’ आणि दोन ‘डाउन’. प्रभार पूर्णांकात नाही, दोन-तृतीयांश आणि उणे एक-तृतीयांश. बऱ्याच जणांना ही नुसती हिशोबाची सोय वाटली. मग कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या तीन किलोमीटर लांबीच्या यंत्रातून वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळवले, आणि ते अपेक्षेपेक्षा जास्त कोनांत उसळले. प्रोटॉनच्या आत टणक, बारीक काहीतरी होतं. साठ वर्षांपूर्वीचा मँचेस्टरचा प्रयोग, फक्त पत्र्याच्या जागी प्रोटॉन. सहावा आणि शेवटचा ‘टॉप’ क्वार्क १९९५ मध्ये अमेरिकेत फर्मीलॅबला मिळाला.

आजच्या तक्त्यात सहा क्वार्क आहेत, इलेक्ट्रॉनच्या कुळातले सहा कण आहेत आणि बलं वाहून नेणारे कण वेगळे. पण आपलं घर, पोहे, पाणी, आपण स्वतः, हे सगळं घडायला पुन्हा तीनच पुरतात. अप, डाउन आणि इलेक्ट्रॉन.

४ जुलै २०१२ ला जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘देवकण’ करून टाकलं आणि तोच सगळ्यांना वस्तुमान देतो असं लिहिलं. जरा वजनकाट्यावर उभं राहून बघू. साठ किलोच्या माणसात सगळ्या इलेक्ट्रॉनांचं मिळून वजन पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाणे. सगळ्या क्वार्कांचं स्वतःचं वस्तुमान सुमारे सहाशे ग्रॅम. हिग्जचा वाटा असलाच तर तो एवढाच. उरलेले सव्वाएकोणसाठ-साडेएकोणसाठ किलो म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत क्वार्कांची धावपळ आणि त्यांना जखडून ठेवणाऱ्या बलाची ऊर्जा. काटा तिलाच वजन म्हणून दाखवतो.