आवरलेलं कपाट आणि लावलेलं कपाट

"कपाट आवरलंस का?" हा प्रश्न आमच्याकडे वर्षातून दोनदा हमखास येतो, एकदा गणपतीच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या. "कपाट लावलंस का?" असं मात्र कोणी विचारत नाही. नव्या घरात सामान आलं की कपाट एकदाच लावायचं आणि पुढे जन्मभर आवरत राहायचं, अशी आपली समजूत. बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत येतात, त्यामुळे ही दोन वेगळी कामं आहेत हे लक्षातच येत नाही. रविवार खर्ची घालून आपण आवरतो आणि लावलं असं समजतो. आठ दिवसांत सगळं पूर्वीसारखं झालं की खापर नवऱ्यावर, मुलांवर, नाहीतर कपाटाच्या आकारावर.

शब्दच जरा निरखून बघा. आपण राग आवरतो, हसू आवरतो, पसारा आवरतो. बाहेर आलेलं आत ढकलतो. आणि लावतो काय, तर रोप, पुस्तकं, कागदपत्रं. लावायचं म्हटलं की "कुठे?" हा प्रश्न आधी येतो. आवरताना तो येतच नाही. दार बंद झालं, काम संपलं.

फरक ओळखायची माझी एक परीक्षा आहे, फोनवरची. तुम्ही बाहेरगावी आहात आणि घरच्यांना तुमचा एक विशिष्ट कपडा हवा आहे. "मधला कप्पा, डावीकडची थप्पी, खालून दुसरी" असं न बघता सांगता आलं, तर कपाट लावलेलं आहे. "अरे, तिथेच असेल कुठेतरी, नीट बघ" असं म्हणावं लागलं, तर ते नुसतं आवरलेलं आहे. आवरून झाल्यावर पहिल्या तासात फोटो काढला तर दोन्ही कपाटं सारखीच दिसतात, आणि तिथेच आपली फसगत होते.

माझंच सांगते. टी-शर्टांची चांगली बारा-चौदाची थप्पी मी फळीवर रचून ठेवायचे, कडेला कड जुळवून. हवा असलेला काळा टी-शर्ट नेहमी खालून तिसरा. डाव्या हाताने वरचे उचलून धरायचे, उजव्या हाताने खालचा ओढायचा, की मधले दोन सुटून घसरायचे आणि ते सावरताना बाकीचे वाकडे व्हायचे. मंगळवारपर्यंत थप्पीचा ढीग. घड्यांत काही दोष नव्हता, मी त्या छान घालत होते. जागा चुकली होती. फळीवरची थप्पी सहा-सातच्या वर गेली की ती पडणारच. तेच टी-शर्ट आता ड्रॉवरमध्ये उभ्या घडीने ठेवते, दप्तरखान्यातल्या फायलींसारखे. सहा-सात इंच उंचीच्या ड्रॉवरमध्ये अशी घडी बरोबर मावते, सगळ्यांच्या कडा वरून दिसतात आणि एक काढला तर शेजारचा हलत नाही. ड्रॉवर अर्धा रिकामा झाला की मात्र घड्या लवंडतात. तिथे बुटांचा रिकामा खोका आडवा घालायचा.

लावायचं म्हणजे आधी मोजायचं, आणि आवरणारा कधी टेप हातात घेत नाही. आपल्याकडचं ते जुनं लोखंडी कपाट, ज्याला कंपनी कुठलीही असली तरी सगळे 'गोदरेजचं कपाट'च म्हणतात, ते साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि १९ इंच खोल असतं. मोठ्यांचा हँगर सुमारे १७ इंचांचा. म्हणजे पुढेमागे जेमतेम इंचभर जागा उरते, आणि शर्ट अडकवला की खांदे मागच्या पत्र्याला नाहीतर दाराला घासणार. त्या कपाटाचा स्वभाव घडीचा आहे, टांगायचा नाही. आताच्या भिंतभर वॉर्डरोबची खोली २४ इंच धरतात ती हँगरसाठीच. पण त्याच खोलीच्या फळीवर घड्या ठेवल्या तर पुढे एक रांग आणि मागे एक रांग होते, आणि मागची रांग थेट पुढच्या दिवाळीला दिसते. सुतार विचारतो, "ताई, कप्पे किती, ड्रॉवर किती?" आणि आपण शेजारणीकडे बघितलेलं सांगून मोकळ्या होतो. खरं तर आधी कपडे मोजायला हवेत. टांगलेल्या शर्टाला ४० इंच उंची पुरते, लांब अनारकलीला ५५-६० लागते. दोन्ही एकाच दांडीवर टांगले की शर्टांच्या खाली दीड फूट पोकळी राहते, आणि घरातला प्रत्येक बेवारशी कपडा तिथे जाऊन बसतो.

टांगायचं काय आणि घडी कशाची, याचं उत्तर कापड देतं. इस्त्रीचे शर्ट, लिनन, कोट टांगावेत. स्वेटर आणि विणलेलं काहीही टांगू नये, स्वतःच्या वजनाने लोंबतं आणि खांद्याला शिंगं येतात. जीन्स कुठेही चालते.

साड्यांपाशी मात्र थांबावं लागतं, कारण आवरणं आणि लावणं यांची खरी गाठ तिथे पडते. आवरणारी बाई साड्या एकीकडे, ब्लाउज दुसरीकडे, परकर तिसरीकडे ठेवते. प्रकाराप्रमाणे वर्गवारी, दिसायला शिस्तशीर. पण साडी एकटी कोणी नेसत नाही. मावसबहिणीच्या लग्नाच्या सकाळी मी पैठणी हातात घेऊन अर्धा तास तिचं ब्लाउज शोधत होते. ते अठ्ठावीस ब्लाउजांच्या गठ्ठ्यात, उलटं होऊन, तळाशी होतं. शेवटी आईचं घातलं, बाह्यांना टाचण्या मारून. घरी आल्यावर वाटलं, आता प्रत्येक ब्लाउज त्या त्या साडीच्या घडीतच ठेवायचं. आईने ऐकलं आणि डोक्यावर हात मारला. "हूक जरीत अडकून धागा निघेल, आणि पावसाळ्यात गंजला तर डाग कायमचा. अगं, विचार तरी करायचास!"

तिचं बरोबर होतं. तिची स्वतःची रीत अशी: ब्लाउज हूक लावून, हुकांची बाजू आत दुमडून, जुन्या धोतराच्या पिशवीत घालायचं आणि ती पिशवी साडीच्या खाली ठेवायची. साडी बाहेर आली की पिशवीही येते. परकर मात्र वेगळे, रंगाप्रमाणे, कारण एकच मरून परकर पाच साड्यांना चालतो. एवढा विचार झाला की ते लावणं.

जरीच्या रेशमी साड्यांना प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. आत ओल कोंडते आणि जर काळवंडते. धुवून मऊ झालेलं सुती कापड, मलमल, जुनं धोतर यांत गुंडाळावं. भारी जरीची साडी हँगरवर नको. साडेपाच मीटर रेशीम आणि वर जरीचं वजन, ताण सगळा एका रेषेवर येतो. घडीतही तोच धोका सावकाश घडतो. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं मोडली की जर तिथे तुटते. म्हणून तीन-चार महिन्यांनी घडी उलगडून वेगळ्या रेषेवर घालायची. आवरणारीला हे काम दिसतच नाही, कारण साडी तर जागेवरच आहे!

गोळ्यांचंही असंच. आवरताना डांबराच्या गोळ्या मूठभर फेकल्या जातात, कुठेही. त्यांतल्या नॅप्थलीनची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरते. म्हणून गोळ्या कापडात बांधून वरच्या कप्प्यात ठेवायच्या, आणि रेशमाला, जरीला थेट टेकू द्यायच्या नाहीत. डांबरगोळी आणि कापूर एकत्र ठेवू नयेत, दोन्ही मिळून पातळ होतात आणि कापडावर डाग पडतो. बाळाच्या कपड्यांत तर गोळी नकोच. काही बाळांमध्ये जन्मतः जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असते. नॅप्थलीनमध्ये ठेवलेल्या कपड्यांमुळे अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. आजीचं वेखंड परवडलं.

कसर लागते ती का, हेही जागा ठरवताना उपयोगी पडतं. लोकर आणि रेशीम खाते ती पतंगाची अळी, तिला प्राण्यांपासून आलेला धागा लागतो. घामाचा, जेवणाचा डाग असेल तर तिथे आधी. चंदेरी रंगाची, सळसळत पळणारी ती दुसरी कसर खळीवर जगते. म्हणून कांजी केलेल्या सुती साड्या महिनोन् महिने ठेवायच्या असतील, तर कांजी धुवून ठेवाव्यात. आणि कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला असेल तर मुंबई-कोकणच्या पावसात तळाच्या कप्प्याला आधी वास येतो. तिथे रेशीम नको. पाऊस सरला की कपड्यांना ऊन दाखवायची आपली रीत आहे, फक्त रेशमाला सावलीतली वाऱ्याची जागा द्यावी.

आता इतकं सांगून झाल्यावर असं वाटेल की मी आवरण्याच्या विरुद्ध आहे. अजिबात नाही. काही कपडे लावण्याच्या लायकीचे नसतात. घरचे गाऊन, बनियन, चड्ड्या यांच्या घड्या घालणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण मी त्या ड्रॉवरमध्ये ओतते आणि ड्रॉवर बंद करते. लहान मुलांचंही तसंच. सहा महिन्यांत माप बदलतं. तुम्ही चिठ्ठ्या चिकटवून कप्पे लावेपर्यंत ते कपडे धाकट्या भाच्याकडे पोचलेले असतात. त्यांना एक मोठी टोपली पुरे. त्यातून मूल आपलं आपण काढतं, तुमच्या चिठ्ठ्यांशी त्याला कर्तव्य नसतं.

उलट, एक गोष्ट अशी आहे की जिला आपण वर्षानुवर्षं आवरतो आणि लावायचं नावच घेत नाही: एकदा घातलेले कपडे. धुवायला टाकण्याइतके मळके नाहीत, धुतलेल्यांत मिसळण्याइतके स्वच्छ नाहीत. जुन्या घरांत त्यांच्यासाठी खुंटी होती, वलणी होती. फडताळात, ट्रंकेत जायचं ते धुतलेलंच. फ्लॅटमध्ये भिंतीला खिळा मारायचा नाही असं ठरलं, खुंटी गेली, आणि तिची जागा खुर्चीने घेतली. आमच्या बेडरूममधली खुर्ची मी दर रविवारी आवरत होते आणि दर बुधवारी ती भरत होती. एकदा नवऱ्यावर चिडले तर तो शांतपणे म्हणाला, "मग ठेवू कुठे, ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस वर्षांत त्या कपड्यांना मी जागाच दिली नव्हती.

दाराच्या मागे चार खुंट्यांची पट्टी लावून घेतली, दोन त्याच्या, दोन माझ्या. खुंट्या भरल्या की एक तरी कपडा धुवायला जातो. कपडे खुर्चीवर यायचे थांबले. आता तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी असते.