माजी सैनिकांची उतारवयातील फिजिओथेरपी

गुडघ्यांची झीज, पक्षाघात, जुनी जखम किंवा कापलेला पाय यांमुळे हालचाल कमी झालेल्या वयस्क माजी सैनिकांना व्यायामोपचारात टिकवून ठेवण्याची पद्धत. उपचार इतर ज्येष्ठांसारखेच असतात, सवयी वेगळ्या. शरीराने हुकूम ऐकायचा, ही आयुष्यभराची रीत मोडलेली असते आणि ते मान्य करणे जड जाते.

काही जण 'आता काय करायचंय' म्हणून खाट धरतात. काही जण सांगितलेल्या दहा उठाबशांऐवजी पहिल्याच दिवशी चाळीस काढतात. गुडघा सुजतो आणि आठवडा बुडतो. हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण सुरुवातीला तो उत्साहच वाटतो. 'दुखतंय का?' याला उत्तर ठरलेले: 'ठीक है साहब.' त्यामुळे 0 ते 10 मध्ये दुखणे किती, असे विचारावे. वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत उतरले नाही, तर आवर्तने कमी करावीत.

ध्येय रुग्णाने स्वतः निवडलेले हवे. 'स्नायू बळकट करू' याने कोणी उठत नाही. 26 जानेवारीला झेंड्यासमोर आधाराशिवाय उभे राहायचे म्हटले की उठतो. राष्ट्रगीत 52 सेकंदांचे, म्हणजे मापही तयार. आधी ओटा दोन्ही हातांनी धरून, मग एका हाताने, मग नुसती बोटे टेकवून आणि शेवटी हात सोडून. मागे खुर्ची, बाजूला माणूस. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उठताना रक्तदाब उतरून भोवळ येते. म्हणून खाटेच्या कडेला मिनिटभर बसून पावले दहा-पंधरा वेळा वर-खाली करावीत, मगच उठावे.

खुर्चीतून उठण्याच्या सरावासाठी सुमारे 43 सेंमी उंचीची, बिनचाकांची खुर्ची भिंतीला टेकवावी. पुढे सरकून बसावे, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात, नाक पावलांच्या बोटांवर येईल इतके वाकून उठावे. 'सावधान'ची सवय इथे आडवी येते: पाठ ताठ ठेवून उठू पाहणारा मागेच पडतो. श्वास रोखण्याची खोडही असते, त्याने रक्तदाब चढतो. मोठ्याने 'एक, दो, तीन' मोजले की श्वास आपोआप सुटतो. 30 सेकंदांत किती वेळा उठले, ते दर आठवड्याला त्याच खुर्चीवर मोजून वहीत लिहावे.

तोफखान्यातल्यांना अनेकदा कमी ऐकू येते. त्याला हट्टीपणा समजू नये. समोर उभे राहून, करून दाखवावे. हुद्द्याने हाक मारलेली बहुतेकांना आवडते, कवायतीचा दरडावणीचा सूर सर्वांना नाही.

पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आणि खडकीचे पॅराप्लेजिक (कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्यांसाठीचे) पुनर्वसन केंद्र 1974 पासून आहे. निवृत्तांच्या उपचारांसाठी 2003 मध्ये ईसीएचएस ही माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. 1965 च्या युद्धात जखमी झालेले सांगलीचे मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. त्यांचे नाव नेहमी घेतले जाते. पण तेव्हा ते तरुण होते. ऐंशीच्या सुभेदाराला त्यापेक्षा शेजारच्या खुर्चीवरचा समवयस्क हवालदार जास्त हलवतो. म्हणूनच चार-सहा जणांचा गट करावा आणि मोजणी त्यांच्यातल्याच एकाकडे द्यावी.