पोक्सो प्रकरणात 'सपोर्ट पर्सन' व्हायचंय? सातारा-सांगलीकरांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची वाट

"अत्याचारग्रस्त मुलांसोबत काम करायचं आहे, कुठला कोर्स करू?" समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेली मंडळी हा प्रश्न नेहमी विचारतात. मग कुणीतरी त्यांना शनिवार-रविवारचं 'ट्रॉमा कौन्सेलर' प्रमाणपत्र सुचवतं आणि काही हजार रुपये जातात. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा; त्याच्या नियमांत अशा खासगी प्रमाणपत्राची अट कुठेही नाही. जिल्ह्याच्या सपोर्ट पर्सनच्या यादीत नाव लागतं ते पदवी, अनुभव आणि पोलीस पडताळणीवर. म्हणून आधी नोंद, मग प्रशिक्षण, असा क्रम ठेवावा.

हे काम नेमकं काय आहे

लैंगिक अत्याचाराची तक्रार झाली की मुलाला पोलीस ठाणं, रुग्णालय, बाल कल्याण समिती (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आणि न्यायालय अशी चार दारं ओलांडावी लागतात. या सगळ्यात पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत मुलासोबत आणि घरच्यांसोबत राहणारी व्यक्ती म्हणजे सपोर्ट पर्सन, सरकारी भाषेत सहायक व्यक्ती. पुढची तारीख कधी, साक्ष कशी होते, नुकसानभरपाई कुठे मागायची, हे ती घरच्यांना समजावते. आरोपी गावात मोकळा फिरतोय आणि मूल घाबरलंय, हे ती योग्य त्या अधिकाऱ्याच्या कानावर घालते. ती वकील नाही, डॉक्टर नाही आणि पुरावा गोळा करणारीही नाही.

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. सध्याचे नियम मार्च २०२० चे. नियमांत 'समिती सहायक व्यक्ती देऊ शकेल' अशी भाषा असल्याने बऱ्याच ठिकाणी ती दिलीच जात नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२३ च्या निकालात (बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार) हा प्रश्न मिटवला: समितीने सबळ कारण लेखी नोंदवलेलं नसेल, तर सहायक व्यक्ती देणं बंधनकारक. त्यामुळे प्रत्येक जिल्ह्याला आता अशी माणसं हवी आहेत.

पात्रता

नियम ५ नुसार बालहक्क किंवा बालसंरक्षण क्षेत्रात काम करणारी व्यक्ती किंवा संस्था, मूल ज्या बालगृहात राहतं तिथला अधिकारी, किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातली व्यक्ती सपोर्ट पर्सन होऊ शकते. शिक्षणाची अट न्यायालयाच्या निकालानंतर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आली. समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकास यांतली पदव्युत्तर पदवी हवी. ती नसेल तर कुठलीही पदवी आणि मुलांचं शिक्षण, विकास किंवा संरक्षण या कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव. जिल्ह्याने जाहिरात काढली असेल तर तिच्यातले शब्द अखेरचे मानायचे.

जकातवाडीच्या समाजकार्य महाविद्यालयातून एमएसडब्ल्यू होऊन बाहेर पडलेल्या मुलीला पहिल्या गटातून थेट अर्ज करता येतो. बी.ए. करून ऊसतोड मजुरांच्या मुलांची हंगामी शाळा चालवणारा कार्यकर्ता दुसऱ्या गटातून येतो. माझ्या मते तो अनेकदा जास्त उपयोगी ठरतो, कारण फडावरच्या आईशी काय आणि कसं बोलायचं हे त्याला शिकवावं लागत नाही. अडचण एवढीच की त्याच्याकडे कागद नसतो.

आरोपीशी नातं, त्याच्या वकिलाकडे काम, त्याच्या संस्थेत नोकरी असं काही असेल तर ते स्वतःहून सांगणं नियमानेच बंधनकारक आहे. गावकीत, भावकीत हे संबंध कुठून तरी निघतातच. आधी सांगितलेलं बरं. नाहीतर बचाव पक्षाचा वकील ते भर न्यायालयात काढतो आणि त्याची झळ मुलाला बसते.

पदवी नाही, पण कन्नड येतं?

या यादीत दुभाषे, अनुवादक, विशेष शिक्षक आणि तज्ज्ञ यांचीही नावं असतात. दुभाष्याला पदवी लागत नाही. मुलाची भाषा आणि राज्याची राजभाषा दोन्ही कामापुरत्या याव्यात. मग ती भाषा मातृभाषा असो, निदान प्राथमिक शाळेचं माध्यम असो, किंवा व्यवसायामुळे वा त्या भागात राहून शिकलेली असो. जत तालुक्याच्या सीमेवरच्या गावांत मूल घरी कन्नड बोलतं आणि जबाब मराठीत लिहिला जातो. तिथे हे काम सपोर्ट पर्सनइतकंच मोलाचं आहे. खुणांच्या भाषेचे जाणकार आणि विशेष शिक्षक यांना मात्र मान्यताप्राप्त विद्यापीठाची किंवा भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची पात्रता लागते.

अर्ज कुठे आणि कसा

ही यादी जिल्हा बाल संरक्षण कक्ष ठेवतो. हा कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग वेगळा. तो अंगणवाड्या पाहतो. नावं इतकी सारखी की निम्मे अर्जदार आधी जिल्हा परिषदेत जाऊन येतात.

२०२० च्या नियमांना 'फॉर्म ए' आणि 'फॉर्म बी' असे दोन नमुने जोडलेले आहेत. त्यातला पहिला मुलाच्या हक्कांची माहिती देणारा आणि दुसरा पोलिसांनी भरून समितीला द्यायच्या प्राथमिक मूल्यांकन अहवालाचा. यादीत नाव घालण्यासाठी नियमांनी वेगळा नमुना दिलेला नाही. जाहिरात निघाली असेल तर तिच्यातला नमुना भरावा, नसेल तर जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज चालतो. विषयाच्या ओळीत 'पोक्सो नियम २०२० मधील नियम ५(१) नुसार सहायक व्यक्ती म्हणून नोंद होणेबाबत' असं स्पष्ट लिहा. कुठल्या तालुक्यांत जाऊ शकता, कुठल्या भाषा येतात, स्वतःचं वाहन आहे का, आठवड्यात किती दिवस मोकळे, हे चार ओळींत द्या. दहिवडी, पाटण, आटपाडी किंवा जतला जायला तयार असलेलं माणूस मिळणं अवघड असतं, त्यामुळे या ओळींकडे कक्षाचं लक्ष जातं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

कागदपत्रे

ओळख आणि पत्त्यासाठी आधार कार्ड, पॅन कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो, पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, अनुभवाचं पत्र, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. सगळ्या प्रती स्वतःच्या सहीने साक्षांकित करून द्याव्यात.

यातल्या तीन कागदांवर अर्ज अडतो. चारित्र्य पडताळणी सगळ्यात आधी सुरू करा. अर्ज ऑनलाइन होतो, पण पडताळणी तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून होते आणि बंदोबस्ताच्या दिवसांत ती मागे पडते. दुसरं अनुभवाचं पत्र. 'आमच्या संस्थेत सामाजिक कार्य केले, वर्तणूक चांगली' अशा पत्राचा उपयोग शून्य. कुठल्या वयाच्या मुलांसोबत, काय काम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे पत्रात हवं. वर संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि खाली पदाधिकाऱ्याची सही. तिसरी अडचण नावाची. पदवी माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या, असं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत लावा.

संस्थेच्या नावाने नोंद हवी असेल तर संस्थेचं आणि न्यासाचं नोंदणी प्रमाणपत्र, घटनेतला बालकांविषयीचा उद्देश, लेखापरीक्षण अहवाल, कार्यकारिणीचा ठराव आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी, अशी तयारी ठेवा. संस्थेचं बालसंरक्षण धोरण लिखित असावं.

प्रशिक्षण

कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे पोलिसांसह संबंधित व्यक्तींना वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारची आहे. म्हणून नाव नोंदवताना 'प्रशिक्षण कधी?' असं विचारायला अजिबात लाजू नका. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' हा उपक्रम मुलांचं मानसिक आरोग्य आणि बालसंरक्षण यांवर काम करणाऱ्यांना शिकवतो. आघातातून गेलेल्या मुलाशी बोलण्याची पद्धत शिकायची तर सुरुवात तिथून करावी. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून उपचार करायचे असतील तर मात्र पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तो रस्ताच निराळा.

प्रशिक्षणातली सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे न विचारणं. मुलाने घटना पोलिसांना सांगितलेली असते, डॉक्टरांना सांगितलेली असते, पुढे न्यायालयातही सांगायची असते. सपोर्ट पर्सनने ती पुन्हा विचारू नये, साक्षीची उजळणी तर मुळीच घेऊ नये. त्याऐवजी कायदा पाठ हवा. जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत (कलम २४). वकिलांचे प्रश्न मुलाला थेट नाही, न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, आणि मुलाला पुन्हा पुन्हा न्यायालयात बोलावू नये (कलम ३३). न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात निकाल (कलम ३५). प्रत्यक्षात खटले रेंगाळतात, हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगावं. आणि नियम ८: कपडे, जेवण, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती मदतीची शिफारस करू शकते आणि ती रक्कम आठवड्यात मिळायला हवी. हा नियम फार कमी जण वापरतात.

नेमणूक, मानधन, अहवाल

यादीत नाव म्हणजे नोकरी नव्हे. बाल कल्याण समिती प्रकरणागणिक नेमणूक करते आणि २४ तासांच्या आत पोलिसांनी ती न्यायालयाला लेखी कळवायची असते. आदेशाची प्रत सोबत बाळगा. न्यायालयाच्या दारात तीच तुमची ओळख. मानधन राज्य सरकार ठरवतं, पण कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. पैसे वेळेवर येतीलच या भरवशावर घर चालवू नका. प्रवासाची नोंद आणि हजेरीचे दाखले तारखेनिशी ठेवा.

दर महिन्याला समितीला अहवाल द्यायचा असतो: मुलाची तब्येत, मन:स्थिती, घरची परिस्थिती, शाळा सुरू आहे का. मुलाचं नाव, गाव, शाळा यातलं काहीही व्हॉट्सअॅप गटावर किंवा ओळखीच्या पत्रकाराला देणं हा गुन्हा आहे. अहवाल बंद पाकिटात द्या, घरच्या सामायिक संगणकावर ठेवू नका.

मुलाला आणि पालकांना तुमची मदत नको वाटली तर ते समितीला तसं सांगू शकतात आणि मुलाला कारण द्यावं लागत नाही. अशा वेळी तोवरचे सगळे कागद समितीकडे जमा करायचे. यादीतलं नाव त्याने जात नाही. पत्ता, फोन किंवा नोकरी बदलली तर मात्र कक्षाला लेखी कळवा.