थ्रॉटल अर्ध्यावर: अवकाशातल्या झुंजीची पार्श्वभूमी

दिवाळीच्या सुट्टीत भाचा लातूरच्या हॉस्टेलवरून परभणीला आला. वर्षभर नीटच्या पुस्तकांत डोकं खुपसलेलं, म्हणून चार दिवस त्याला कॉम्प्युटर मोकळा सोडला. 'एलिट डेंजरस' या अवकाशयानांच्या खेळात तो दुसऱ्या खेळाडूच्या मागे लागायचा, थ्रॉटल (वेग कमी-जास्त करायची पट्टी) पार टोकाला, आणि दर वेळी समोरचा आतून वळून ह्याच्याच पाठीवर बसायचा. "मामा, वळंना हे!" मी थ्रॉटल मागे ओढून पट्टीतल्या निळ्या भागात आणलं, साधारण अर्ध्यावर. यान एकदम आत वळलं. पोरगं फिजिक्सवालं, आनंद राहिला बाजूला, लगेच विचारलं, "वर हवाच नाही, मग वळायला वेग कशाला कमी करायचा?"

प्रश्न बिनतोड होता. खऱ्या अवकाशात वळण्यासाठी ठरावीक वेग लागत नाही. तो निळा भाग विमानाकडून आलेला आहे, आणि तो यानात कसा शिरला हे कळलं की या खेळातली निम्मी शिकवणी तिथंच होते.

विमानाला मात्र हवा लागते. वेग फार असेल तर वळणाचा घेर मोठा होतो. फार कमी असेल तर पंख वजन पेलत नाहीत. मधे कुठंतरी एक वेग असा असतो की विमान सगळ्यात आखूड वळतं. पहिल्या महायुद्धातले वैमानिक हे अंगावर घेऊन शिकले. १९१६ मध्ये जर्मनीच्या ऑस्वाल्ड ब्योल्के यानं झुंजीचे नियम लिहून काढले: सूर्य पाठीशी ठेवा, जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, हल्ला शक्यतो मागून करा. त्याच वर्षी ऑक्टोबरात झुंजीत स्वतःच्याच साथीदाराच्या विमानाशी टक्कर होऊन तो गेला. नियम टिकले.

या शिकवणीला गणिताचं रूप १९६० च्या दशकात अमेरिकी हवाई दलातल्या जॉन बॉइडनं गणितज्ञ थॉमस क्रिस्टीच्या मदतीनं दिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उंची आणि वेग ही वैमानिकाची शिल्लक, आणि प्रत्येक कचकन घेतलेलं वळण हा खर्च. शिल्लक ज्याची आधी संपते तो मरतो. संक्रांतीला गच्चीवर उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. नवशिका पोरगा नुसता खेचत बसतो; मुरलेला ढील देतो, समोरच्याचा जोर संपू देतो आणि मग एकच झटका. चक्रीत मांजा उरलाय की नाही यावर त्याचं लक्ष असतं, पतंगावर नंतर.

गंमत म्हणजे अवकाशातला पहिला नावाजलेला खेळ यातलं काहीच मानत नव्हता. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर!' तयार केला. दोन यानं, दोन माणसं, मधे एक तारा आणि त्याची ओढ. ढकललेलं यान ढकललेलंच राहायचं. नाक फिरवलं तरी वाट बदलत नसे, उलट्या दिशेनं ढकलावं लागे. मशीनवरचे स्विच दाबून दाबून कोपरं दुखायला लागली, तेव्हा गड्यांनी हातात धरायचे वेगळे डबेच बनवले. म्हणजे माणूस विरुद्ध माणूस ही झुंज या प्रकारात नंतर आलेली नाही, ती पहिल्या दिवसापासून आहे. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'नंही हेच घसरणारं यान ठेवलं.

मग विमान कुठून आलं? सिनेमातून. 'स्टार वॉर्स' (१९७७) बनताना स्पेशल इफेक्टची दृश्यं तयार नव्हती, तर जॉर्ज लुकासनं त्या जागी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झुंजींची फिल्म जोडून संकलन केलं, आणि यानांच्या हालचाली त्यावरून बेतल्या. तेव्हापासून हवा नसलेल्या जागी यानं कलती होऊन वळायला लागली, आणि बघणाऱ्याला तेच खरं वाटू लागलं.

खेळ त्याच वाटेनं गेले. १९८४ चा 'एलिट' डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी बनवला. त्यातलं यान कलतं, नाक उचलतं, जवळपास विमानच. १९९३ च्या 'एक्स-विंग'नं एक नवी गोष्ट पक्की केली: यानाची ताकद इंजिन, ढाल आणि लेझर यांत वाटून घ्यायची. माझ्या मते बॉइडची शिल्लक इथं परत आली. अवकाशात उंची नाही, म्हणून तिची जागा बॅटरीनं घेतली. आजही हरणारे बहुतेक जण नेमबाजीत कमी पडत नाहीत; ताकद लेझरमध्ये कोंडून ठेवतात आणि पळायच्या वेळी इंजिन कोरडं.

त्याच १९९३ मध्ये 'एलिट'चा पुढचा भाग 'फ्रंटियर' खरं भौतिकशास्त्र घेऊन आला. झुंज म्हणजे दोन यानं समोरासमोरून सुसाट निघून जाणार, पुन्हा वळून येणार, पुन्हा निघून जाणार. शास्त्र बरोबर, मजा गेली, अशी तक्रार तेव्हापासून चालत आली आहे. १९९५ च्या 'डिसेंट'मध्ये खेळाडूंना वेगळीच फट सापडली: पुढे, बाजूला आणि वर असे तिन्ही जोर एकदम दिले की यान नुसत्या पुढे जाण्यापेक्षा १.७३ पट वेगानं जातं. तीनचं वर्गमूळ, बस.

२०१४ च्या 'एलिट डेंजरस'नं दोन्ही वंश एका बटणावर आणून ठेवले. फ्लाइट असिस्ट (यानाचं घसरणं आपोआप सावरणारी सोय) चालू असेल तर विमान, बंद केलं की १९६२. मुरलेले खेळाडू निळ्या भागात वळत राहतात, क्षणभर असिस्ट बंद करतात, यान आहे त्या दिशेनं घसरत असतानाच नाक मागे फिरवून पाठलाग करणाऱ्यावर झाडतात, आणि परत चालू. २०२० च्या 'स्टार वॉर्स: स्क्वाड्रन्स'मध्ये हेच घसरणं बूस्टला, म्हणजे क्षणभराच्या जादा वेगाला, जोडलेलं आहे.

आपल्याकडे या सगळ्यात आणखी एक खेळाडू असतो, तो म्हणजे पिंग: खेळ चालवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरपर्यंत, म्हणजे सर्व्हरपर्यंत, संदेश जाऊन-येऊन लागणारा वेळ. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. परभणी ते मुंबई जाऊन-येऊन पाच-सहा मिलिसेकंद पुरेत. पण सर्व्हर युरोपात असला तर सरळ रेषेनंसुद्धा साठच्या वर लागतात, आणि तारा सरळ रेषेत नसतात. त्यात संध्याकाळी मोबाइल नेटचं जे होतं ते होतंच. मधला काळ खेळ अंदाजानं भरून काढतो. ही युक्ती १९९६ च्या 'क्वेकवर्ल्ड' या खेळानं रुळवली. समोरून येणारं यान झरकन बाजूला गेलं की अंदाज चुकतो, गोळी रिकाम्या जागी. मागून पाहिलं तर तेच यान पडद्यावर जेमतेम हलतं, म्हणून चूकही छोटी होते. ब्योल्केचा मागून हल्ला करण्याचा नियम पिंग वाईट असलेल्याला असा दुप्पट लागू पडतो.

भाच्यानं तिसऱ्या दिवशी असिस्ट बंद करून बघितलं. यान भोवऱ्यासारखं गरगरलं, तारे फिरले, आणि तो ओरडला, "मामा, वरची बाजू कुठली?"

"नाहीच," म्हटलं. "आधी नाक थांबव."