कॅरेक्टर मेलं तर चालतं, लंगडं झालं की भांडण

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र (कॅरेक्टर) घेऊन खेळायचा खेळ. त्यात कॅरेक्टर मेलं तर लोक हळहळतात, नवीन शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद) काढतात आणि पुढे जातात. पण तेच कॅरेक्टर एक हात गमावून जिवंत राहिलं की वाद सुरू, असं कायमचं नुकसान व्हावं का, आणि ते ठरवणार कोण. हा वाद खेळाइतकाच जुना आहे.

मुळात घोळ हिट पॉइंट्सपासून आहे, म्हणजे कॅरेक्टर किती मार सोसू शकतं तो आकडा. १९७४ मधे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं, त्यातले हिट पॉइंट्स आर्नेसनने अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या आपल्याच नियमांवरून घेतले होते. आता जहाज एकतर तरंगतं नाहीतर बुडतं, आणि माणसांनाही तोच हिशोब लागला, म्हणजे १ पॉइंट उरलेला गडीसुद्धा पूर्ण ताकदीने तलवार फिरवणार!

मग कायमचं नुकसान करायचं कसं? तर लेव्हल ड्रेन, म्हणजे खेळून कमावलेली पातळी (लेव्हल) हिरावली जाणं. वाइटचा (wight, एक जिवंत प्रेत) फटका बसला की एक लेव्हल गेली, व्हॅम्पायरचा बसला की दोन. लोक ड्रॅगनपेक्षा याला जास्त घाबरायचे, कारण यात कॅरेक्टरचं रक्त जात नाही, खेळणाऱ्याने किती सेशन बसून कमावलेलं असतं ते जातं. पुढे ॲडव्हान्स्ड आवृत्तीत मेलेल्याला उठवता यायचं पण दर वेळी कॉन्स्टिट्यूशन (शरीराच्या काटकपणाचा आकडा) एकने कमी, आणि साधी जखम भरायची ती दिवसाला १ पॉइंट अशा गतीने.

बाकीच्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. १९७७ च्या ट्रॅव्हलरमधे तर कॅरेक्टर बनवतानाच मरू शकतं (हो, खेळ सुरू व्हायच्या आधी!) आणि ३४ व्या वर्षापासून म्हातारपणाचे रोल. १९७८ च्या रूनक्वेस्टमधे हाताचे, पायाचे, डोक्याचे हिट पॉइंट वेगवेगळे, त्यामुळे घाव नक्की कुठे बसला याला अर्थ आला.

पण माझ्या मते खरी उडी १९८१ ची, सँडी पीटरसनचं कॉल ऑफ क्थुलू, भयकथांवरचा, गूढ केसेस सोडवायचा खेळ. तिथे सॅनिटी (मनाचा तोल मोजणारा आकडा) जाते, थोडीफार परत मिळवता येते, पण क्थुलू मिथॉसचं (त्या कथांमधल्या भयंकर प्राचीन शक्तींचं) ज्ञान जितकं वाढेल तितकी सॅनिटीची कमाल मर्यादाच खाली येते, ९९ मधून ते ज्ञान वजा, बस. म्हणजे केस सोडवायची तर पुस्तकं वाचायलाच हवीत आणि वाचलं की कायमचं काहीतरी गेलं, आणि हे सगळं खेळणारा स्वतःच्या हाताने करून घेतो. राजा आर्थरच्या सरदारांवरच्या पेंड्रॅगनने १९८५ मधे याहून लांबचा पल्ला धरला, दर वर्षी हिवाळ्याचा टप्पा, त्यात लग्न, मुलं, वय, आणि सरदार गेला की त्याचा मुलगा घेऊन खेळायचं.

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) मात्र उलट दिशेने सरकत गेलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आठ तासांची लाँग रेस्ट घेतली की सगळे हिट पॉइंट परत. डोळा जाणं, लंगडणं वगैरे आहे, पण डंजन मास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात, ऑप्शनल नियम म्हणून.

आणि २०१७ च्या ब्लेड्स इन द डार्कने भांडणाचं कारणच काढून टाकलं. स्ट्रेसचे रकाने भरले की ट्रॉमा येतो, तो कायमचा, पण कुठला घ्यायचा ते खेळणारा ठरवतो. संशयी, बेदरकार, झपाटलेला, असं यादीतलं कुठलंही. त्या ट्रॉमामुळे सेशनमधे अडचणीत आलात तर वर एक्सपी (कॅरेक्टर पुढे न्यायला लागणारे अनुभवाचे गुण) मिळतो, म्हणून लोक आपणहून अडचणीत उड्या मारतात. चौथा ट्रॉमा आला की कॅरेक्टर रिटायर.